स्टेपनीची जागा

जुलैतली रात्र होती. एमटीडीसीचा फाटा मागे टाकून आम्ही माळशेज घाट उतरायला लागलो होतो, आणि वायपर काचेवरचं पाणी पुसतोय की पसरवतोय हेच कळत नव्हतं. मागे हौद्यात टोमॅटोची ४८ कॅरेट, म्हणजे क्रेट. मी त्या गाडीत असायचं खरं तर काही कारण नव्हतं. लेकीच्या कॉलेज प्रवेशासाठी सकाळी कल्याणला पोचायचं होतं, आळेफाट्यावर तास-दीड तास उभी राहूनही एसटी आली नाही, आणि धाकटा भाऊ माल घेऊन कल्याणच्या मार्केटला निघालाच होता. "ताई, बस की पुढे. चार तासांत सोडतो तुला."

चार तासांचं गणित डाव्या मागच्या चाकाने मोडलं. आधी गाडी जरा ओढल्यासारखी झाली, मग मागून फडफड ऐकू आली. धाकट्याने डोंगराच्या कडेला गाडी घेतली, उतरला, टॉर्च मारला आणि "बसलं" एवढंच म्हणाला.

मी ज्युनियर कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवते. तरफ, घर्षण, दाब सगळं फळ्यावर येतं. पण छोट्या पिकअपची स्टेपनी कुठे असते हे मला त्या रात्री पहिल्यांदा कळलं. ती असते गाडीच्या पोटाखाली, मागे, चासीच्या दोन पट्ट्यांच्या मध्ये, साखळीला आडवी टांगलेली. मागून एक लांब दांडा घालून फिरवला की साखळी सुटत जाते आणि चाक पाळण्यासारखं खाली येतं. कल्पना उत्तम आहे. हौद्यातली एक इंच जागा जात नाही, चाक नजरेला पडत नाही, चोरालाही सहजासहजी दिसत नाही. अडचण इतकीच की मागच्या दोन चाकांचा सगळा चिखल, शेण, खडी आणि पाणी वर्षभर त्याच्याच अंगावर उडत असतं. गाडी आम्ही जुनी घेतली होती. घेतल्यापासून तो दांडा कुणी एकदाही फिरवला नव्हता. कंपनीचं नाव घेत नाही, कारण चूक तिची नव्हती. साखळीला वर्षातून दोनदा ग्रीस लावायचं असतं, ते आम्ही लावलं नव्हतं.

चाक बसलेलं, वर भरलेली गाडी, म्हणजे मागची बाजू आणखी खाली आलेली. त्या फटीत धाकटा उताणा सरकला. पाठीखालून पाण्याचा ओघळ वाहत होता. मी छत्री धरून वाकले होते, म्हणजे नेमकं काय करत होते देव जाणे, कारण छत्रीचं पाणी त्याच्याच पायांवर पडत होतं. दांडा फिरेना. त्याने हातोडा मारला, गंजाचे पोपडे डोळ्यांत गेले. शिव्या हासडायच्या होत्या, पण थोरली बहीण टॉर्च धरून उभी. तो नुसता "अगं आई गं" म्हणत राहिला.

शेवटी नगरकडून कांदा घेऊन चाललेला एक ट्रक थांबला. ड्रायव्हर खाली उतरला, वाकून पाहिलं आणि मला म्हणाला, "मावशी, तुम्ही केबिनमध्ये बसा, हे लांबणार." मग बाटलीतलं डिझेल साखळीवर ओतून, थोडं थांबून, टामीने, म्हणजे लोखंडी दांड्याने, हिसके देत त्या दोघांनी चाक खाली पाडलं. अर्धा-पाऊण तास गेला असेल. आणि त्या चाकात हवा नव्हती. बोटाने दाबलं तर आत जात होतं.

हसावं की रडावं असा तो प्रसंग होता, पण कांदेवाला दादा हसला नाही. एअर ब्रेकच्या गाडीत हवेची टाकी असते. त्याने सीटखालून रबरी नळी काढली, टाकीला जोडली आणि आमच्या स्टेपनीत हवा भरली. मीटर नव्हतं. चाकावर ठोसा मारून, आवाज ऐकून "झालं" म्हणाला. पैसे घेतले नाहीत. टोमॅटो मात्र घेतले, ओंजळभर. "भाजीला होतील." पुढे टोकावड्यापर्यंत आम्ही वीसच्या स्पीडने गेलो, पंक्चरवाल्याला उठवला, आणि मार्केटला पोचलो तेव्हा लिलाव उरकत आला होता. त्या दिवसाची पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची चिठ्ठी, मी अजून जपून ठेवली आहे. आकडा सांगत नाही.

साखळीवरून उतरवलेलं ते चाक मी नंतर घरी नीट पाहिलं. टायरवर ते रबराचे बारीक केस असतात ना, नव्या टायरवर असतात तसे, ते तसेच होते. म्हणजे त्या रात्रीआधी तो रस्त्याला कधी टेकलाच नव्हता. पण बाजूच्या भिंतीवर नखाने ओरखडल्यासारख्या भेगा पडलेल्या. टायरच्या कडेला लंबगोलात चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. आमच्यावर होतं २७१३. २०१३ सालचा सत्ताविसावा आठवडा. न वापरता म्हातारं झालेलं चाक. रबराला चालवलं काय, टांगून ठेवलं काय, हवेतला ओझोन आणि ऊन-पाणी त्याचं वय मोजतच असतात.

स्टेपनी हा शब्द आपण इतका आपला केलाय की तो मूळचा कुठला हे कुणी विचारत नाही. वर्गात बदली शिक्षकाला मुलं स्टेपनी म्हणतात. गावात एखाद्या पुरुषाच्या दुसऱ्या संसाराबद्दल बोलतानाही हाच शब्द येतो, आणि बोलणारे पुरुष तेव्हा जे हसतात ते मला कधी आवडलेलं नाही. तर हा शब्द एका रस्त्याचं नाव आहे. वेल्समध्ये लानेली नावाचं गाव आहे, तिथे स्टेपनी स्ट्रीट. त्या काळी मोटारीबरोबर जादा चाक मिळतच नसे, आणि रस्ते घोड्यांच्या नालांच्या खिळ्यांनी भरलेले. थॉमस मॉरिस डेव्हिस नावाच्या माणसाने १९०४ मध्ये त्यावर तोड काढली: आऱ्या नसलेली नुसती रिंग, तिच्यावर हवा भरलेला टायर. पंक्चर झालेलं चाक काढायचंच नाही, ही रिंग त्याच्या बाजूला क्लॅम्पने आवळायची आणि निघायचं. वॉल्टर नावाचा भाऊ त्याच्या जोडीला होता. आज इंग्रजांच्या बोलण्यातून तो शब्द गेला, आपल्याकडे मात्र ओतूरच्या पंक्चरवाल्याच्या तोंडी तो जिवंत आहे. ब्राझीलमध्येही जादा चाकाला 'एस्तेपे' म्हणतात, ते याच गल्लीतून गेलेलं. दोघा भावांनी धंदा कसा वाटून घेतला असेल, कोण हिशेब बघत असेल, कोण गाडीखाली शिरत असेल, हे मला उगाच वाटत राहतं.

आमच्यात हिशेब माझ्याकडे आहे. गाडीत निम्मे पैसे माझे, म्हणून बोलायचा हक्कही निम्मा. तो मी पुरेपूर वापरते असं धाकट्याचं म्हणणं.

त्या रात्रीनंतर त्याने जे केलं ते दहातले नऊ जण करतात. नवा टायर घातला आणि स्टेपनी हौद्यात टाकली. केबिनच्या मागच्या जाळीला खेटून, डाव्या कोपऱ्यात, आडवी, नायलॉनच्या दोरीने बांधून. "आता चिखलात झोपायला नको." मलाही पटलं. पहिल्याच खेपेला लक्षात आलं की तिच्यावर कॅरेट रचावी लागतात, आणि रचली की स्टेपनी काढायला आधी माल उतरवावा लागतो. पुढच्या खेपेला त्याने तेवढी जागा मोकळी सोडली. घाटाच्या वळणांवर दोरी सैल झाली, चाक सरकलं, शेजारच्या कॅरेटला धडका देत राहिलं, आणि मार्केटात फाळका उघडला तेव्हा लाल पाणी रस्त्यावर ओघळलं. आडत्या म्हणाला, "हे काय, चटणी आणलीस?"

आता जागेचा हिशेब. आमचा हौदा आतून साधारण २२० सेंटीमीटर लांब आणि १४९ रुंद. टोमॅटोचं कॅरेट ५४ बाय ३६, उंची ३० च्या आत-बाहेर. रुंदीत चार बसतात, लांबीत चार. एका थरात १६. मागे चार सेंटीमीटर उरतात, बाजूला पाच. असं नेमकं गणित मी पाठ्यपुस्तकातही पाहिलेलं नाही. आमचं बारा इंची चाक टायरसकट ५४ सेंटीमीटर व्यासाचं आहे, म्हणजे आडवं ठेवलं की दोन कॅरेटची जागा. दोन थरांत चार, तीन थरांत सहा. प्रत्येक खेपेला सहा कॅरेटचं भाडं एका न लागणाऱ्या चाकापायी सोडायचं. धाकट्याने एका रात्रीत मार्ग काढला: स्टेपनी घरी ठेवायला लागला. गोठ्याच्या भिंतीला टेकवून. मला ते पंधरा दिवसांनी कळलं, तेही कोंबडी तिच्यात अंडं घालून बसली म्हणून.

"दोन महिने झाले, लागली का एकदा तरी?"

"म्हणून घरी ठेवायची?"

"ताई, तू एकदा हिशेब कर. सहा कॅरेट, आठवड्याला तीन खेपा."

मी केला. हिशेब त्याच्या बाजूने निघाला. मग मी दुसरा हिशेब काढला, जो मला आधीच करायला हवा होता. आरसी बुकावर गाडीचं रिकामं वजन असतं आणि भरल्यावरचं जास्तीत जास्त वजन असतं. दोन्हींच्या वजाबाकीतून साडेसातशे किलोच्या आसपास माल निघतो. छोटा हत्ती म्हणून २००५ साली जी जात बाजारात आली आणि जिने आपल्या गावोगावची तीनचाकी टेम्पोंची गर्दी पातळ केली, तिची सुरुवातीची माल वाहायची ताकद तेवढीच, पाऊण टन. टोमॅटोचं कॅरेट २० किलोचं, वर रिकाम्या कॅरेटचे दोन धरा. ३२ कॅरेट, म्हणजे बरोबर दोन थर, ७०४ किलो. तिसरा थर चढला की १,०५६. त्या रात्री घाटात आम्ही तीनशे किलो जास्त घेऊन चाललो होतो, आणि भार बहुतेक सगळा मागच्या दोन चाकांवर. टायरच्या भिंती दर फेऱ्याला वाकतात आणि सरळ होतात, त्यात उष्णता तयार होते. भार जास्त, हवा कमी, तर वाकणं जास्त. टोकावड्याच्या पंक्चरवाल्याने तो टायर उलगडून दाखवला होता तेव्हा त्यात खिळा नव्हताच. आतून भिंत भुग्यासारखी झाली होती. आम्ही ते पंक्चर म्हणत आलो, कारण पंक्चर हे नशिबाचं असतं.

हे मी धाकट्याला सांगितलं. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "सगळे तीन थर भरतात." ते खरं आहे. माझ्याकडे त्यावर उत्तर नव्हतं, आजही नाही. पण हिशेबाच्या त्याच कागदावर मला एक रिकामी जागा दिसली. दोन थरांची उंची ६० सेंटीमीटर. केबिनमागची लोखंडी जाळी हौद्याच्या तळापासून चांगली चार फूट वर जाते. म्हणजे ६० सेंटीमीटरच्या वर जाळीला चाक उभं टांगलं, तर कायद्याच्या एकाही कॅरेटला धक्का लागत नाही. त्याची जागा नेमकी तिथे, जिथे आम्ही चोरून माल भरत होतो.

वेल्डिंगवाले मामा नारायणगावला पुणे-नाशिक रस्त्याच्या कडेला असतात. ते मामा माझ्या आईचे कुणी लागत नाहीत, पण त्यांना सगळेच मामा म्हणतात. माझा कागद त्यांनी उलटा धरून पाहिला आणि बाजूला ठेवला. "बाई, चाकाला दोन भोकं, जाळीच्या पत्र्याला दोन भोकं, बोल्ट मारला, झालं." जाळीच्या खालच्या भागाला आमच्या गाडीत पत्रा आहे, वर पाईप. मामांनी पत्र्याला भोकं पाडली, रुपयाएवढे वॉशर घातले, दोन बोल्ट आवळले. दहा मिनिटांत काम. मी बोल्टच्या डोक्यावर पाहिलं, ८.८ लिहिलेलं, म्हणजे त्याच्या मजबुतीचा दर्जा. बारा मिलिमीटरचा ८.८ चा बोल्ट कित्येक टनांच्या ओढीला दाद देत नाही. आमचं चाक दहा-बारा किलोचं. मी निर्धास्त झाले, आणि पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या बाईने इतकं निर्धास्त व्हायला नको होतं.

महिनाभरात खडखड सुरू झाली. बोल्ट जागच्या जागी होते, पत्रा मात्र भोकाभोवती फाटत चालला होता. गोल भोक लांबट झालेलं, कडेने केसासारखी चीर. असल्या जोडात बोल्ट सहसा तुटत नाही, ज्याला तो धरलेला असतो ते फाटतं. दहा किलोचं चाक उभं असताना दहा किलोचं. खड्ड्यात गाडी आदळली की त्याच चाकाचा झटका कितीतरी पट होतो, आणि आमच्या रस्त्यावर असे झटके एका खेपेत हजारांनी. शिवाय वॉशर एवढासा, सगळा ताण त्याच्या कडेवर.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा मामांनी माझा कागद सरळ धरला.

या वेळी पत्र्याला हातच लावला नाही. वरच्या दोन आडव्या पाईपांवर दोन उभे अँगल, दीड इंची, यू-बोल्टने आवळलेले. भोक नाही म्हणून गंज नाही, जाळीला वेल्डिंग नाही म्हणून पासिंगच्या वेळी पाच मिनिटांत काढता येतं. यू-बोल्ट आणि पाईप यांच्यामध्ये जुन्या ट्यूबच्या पट्ट्या, म्हणजे रंग खरवडत नाही आणि पकड सरकत नाही. दोन अँगलना जोडणारी पाच मिलिमीटरची पट्टी, तिच्या मधोमध जाड आट्यांची सळई. डिस्कच्या, म्हणजे चाकाच्या लोखंडी तबकडीच्या, मधल्या मोठ्या भोकातून ती सळई बाहेर येते, तिच्यावर तिकोनी प्लेट आणि मोठा नट, नटाला वेल्ड केलेली मूठ. पान्याशिवाय हाताने सुटावं म्हणून मूठ. ही मूठ मामांची कल्पना, माझी नाही.

एकच बोल्ट असला की चाक हादऱ्यांनी कणाकणाने फिरत राहतं आणि फिरता फिरता नट सैल करतं. म्हणून पट्टीवर दोन खुंट्या, नटांच्या भोकांत बसणाऱ्या. त्यांची मापं टेपने घेतली तर दोनदा चुकली. शेवटी मी डिस्कवर वर्तमानपत्र ठेवून, लहानपणी नाण्याचा छाप काढायचो तसा पेन्सिलने भोकांचा छाप काढला. मामांनी तो कागदच पट्टीवर चिकटवून पंच मारला. पहिल्या फटक्यात बसलं. "शाळेत हेच शिकवता का?" मामांनी विचारलं. नाही शिकवत. शिकवायला हवं.

डिस्कचा वरचा चेहरा बाहेर ठेवायचा हा माझा हट्ट होता, कारण त्या बाजूला हवेचा व्हॉल्व्ह असतो. पोटाखाली टांगलेल्या चाकाचा व्हॉल्व्ह कुठे तोंड करून होता कुणास ठाऊक, त्यामुळे हवा भरणाऱ्या पोऱ्याने चार चाकं पाहायची आणि सोडून द्यायचं. आता पंपावर गेलं की पाचवंही चाक समोर. पण चेहरा बाहेर ठेवला की डिस्क रिंगच्या कडेपासून आत-पुढे असते, सळईला चार बोटं लांबी जास्त लागते आणि खुंट्यांखाली पाईपचे तुकडे द्यावे लागतात. ते दिले. रिंगची मागची कड जाळीच्या पाईपांना टेकली, पुढून प्लेटने दाबली. हलवून पाहिलं, गाडी हलली, चाक नाही.

वेल्डिंग सुरू करायच्या आधी मामांनी एक गोष्ट केली ती सांगायची राहिली. पट्टीला मूठ-बिठ जोडायची ती बाकावरच, गाडीपासून लांब. शेवटी एक टाका गाडीवरच मारावा लागला, तेव्हा त्यांनी आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली आणि अर्थिंगचा चिमटा टाक्याच्या अगदी जवळ लावला. नव्या गाड्यांत इंजिनाचा कारभार इलेक्ट्रॉनिक डबीकडे असतो, वेल्डिंगचा करंट वाट चुकून तिच्यातून गेला की डबी खलास. "दोन हजाराचं काम नि चाळीस हजाराचं बिल," मामा म्हणाले.

जागा डावीकडचीच ठेवली. आपल्याकडे गाडी डाव्या कडेला थांबते, तेव्हा चाक काढणारा माणूस वाहत्या रस्त्याकडे पाठ करून उभा राहू नये. हौद्याचा तळ रस्त्यापासून कमरेच्या आसपास, त्यावर ६० सेंटीमीटर, म्हणजे चाकाची खालची कड खांद्याच्या आसपास येते. दोन्ही हातांत धरून खाली घेता येतं. मी घेऊन पाहिलं. एकदा घेतलं, परत चढवताना धाकट्याला हाक मारली. आणि एक साखळी, कुलूप. कुलूप लावायला तो राजी नव्हता, "पावसात गंजलं तर पुन्हा तेच." त्याला ट्यूबचा तुकडा कापून टोपी केली आणि किल्ली गाडीच्या किल्लीच्या जुडग्यातच घातली.

पन्नास किलोमीटर झाल्यावर सगळे नट पुन्हा आवळायला मामांनी सांगितलं होतं. धाकट्याने आवळले आणि फोन केला, "अर्धा आटा फिरले." त्याच्या आवाजात जरा आश्चर्य होतं. तेव्हापासून ते पहिल्या तारखेचं काम आहे. पहिल्या तारखेला माझा पगार, त्याच्या गाडीचा हप्ता आणि स्टेपनीची हवा.

केबिनला का नाही अडकवलं, असं मला दोघा-तिघांनी विचारलं. बाहेरून पाहताना केबिन आणि हौदा एकच वाटतात, पण मध्ये चार बोटांची फट असते आणि ती उगाच नसते. चासी खड्ड्यात पिळवटते तेव्हा दोघं आपापल्या बाजूने झुकतात. एक पाय इथे, एक तिथे ठेवून काही जोडलं तर आठवड्यात तुटेल. या फटीतून पलीकडचा रस्ता दिसतो, आणि लहानपणी मला वाटायचं ती गाडी दोन तुकड्यांत जाते.

२०२० साली केंद्राने नियम बदलला. ट्यूबलेस टायर, हवेचा दाब सांगणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचा संच असेल तर छोट्या प्रवासी गाड्यांना स्टेपनीची सक्ती नाही. आमच्या कॉलेजातल्या एका सहकाऱ्याच्या नव्या मोटारीत ती नाहीच. डिकी मोठी झाली म्हणून तो खूश आहे. शहरात ठीक आहे. माळशेजात रात्री, मोबाईलला रेंज नसताना, भिंत फाटलेल्या टायरला तो संच काय करणार ते मी त्याला विचारलं नाही. त्याचा मूड चांगला होता.

तिसऱ्या थराचं काय झालं, हे विचारणाऱ्यांना मी खरं सांगते. बंद झाला नाही. चाकाने पुढच्या ओळीतली दोन कॅरेट अडवली, म्हणून तिसरा थर १४ चा झाला. भाव चढा असला की धाकटा १४ चढवतो, मंदीत ३२ वर थांबतो. मधूनमधून आठ चढवून माझ्याकडे बघतो. मी काही बोलत नाही, नुसती मागच्या चाकांकडे बघते. निम्म्या हक्काला एवढंच शोभतं.

गेल्या दसऱ्याला मात्र गंमत झाली. आम्ही पाऊण एकर झेंडू लावला होता. अष्टमीच्या संध्याकाळी तोडा आला, रात्रीतून कल्याणच्या फूलबाजारात न्यायचा होता. झेंडू म्हणजे नुसता फुगारा. टोमॅटोच्या कॅरेटमध्ये झेंडू भरला तर आमच्या काट्यावर ते आठ-नऊ किलोही भरत नव्हतं. ४८ कॅरेटचं वजन पाचशेच्या आत. वर्षातून एकच दिवस असा, की तिसरा थर रचला तरी आरसी बुकाला हरकत नाही, आणि नेमकी त्याच दिवशी स्टेपनी दोन कॅरेट अडवून बसलेली.

"बोल ताई," धाकटा म्हणाला. "आज काय म्हणतोय तुझा हिशेब?"

भावजय हसत होती. मी म्हटलं, "काढ मग. ठेव गोठ्यात." तो मूठ फिरवायला वर चढला, हात लावला आणि थांबला. खंडेनवमीला घालायचा हार त्याने आधीच केला होता, स्टेअरिंगसाठी. तो त्याने स्टेपनीच्या मुठीत अडकवला. इतकी वर्षं गाडीची पूजा झाली, बॉनेटला हळद-कुंकू, चार चाकांखाली लिंबं, पण पोटाखालच्या त्या पाचव्याला कधी कुणी फूल वाहिलं नव्हतं. दिसतच नव्हतं ते.

४६ कॅरेट हौद्यात बसली. उरलेली दोन त्याने एकावर एक केबिनमध्ये ठेवली, डाव्या सीटवर, आणि पट्टा लावून आवळली. लेकीकडे जायचं म्हणून मी पिशवी भरून ओट्यावर उभी होते. आम्ही दोघांनी सीटकडे पाहिलं, मग एकमेकांकडे.

"पहाटेची एसटी आहे ना?" त्याने विचारलं.

होती. आळेफाट्याला आली पण, वेळेवर.